अवेध्य शिरा

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आमच्या विभागात कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. डायलिसिसचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, नुकताच रुजू झालेला रेसिडेंट डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘बाई’. आज मीही त्यांना बाईच म्हणणार आहे. डायलिसिस विभागाच्या त्या मुख्य परिचारिका, आणि मी तिथला किडनीचा डॉक्टर. अनेक वर्षं आम्ही एका छताखाली काम केलं. त्या काळात मी त्यांना जे शिकवलं ते थोडं, त्यांनी मला शिकवलं ते फार. त्यांचं ऋण मानूनच बोलायला उभा आहे.

बाईंच्या दोन सवयी सांगतो. सलाईन लावायची वेळ आली की आम्ही डॉक्टर पेशंटचा हात दिव्याखाली धरून शीर शोधायचो. बाई दंडाला पट्टा बांधायच्या आणि दोन बोटं मनगटापासून कोपराकडे हळूच फिरवायच्या. नजर बहुतेक वेळा पेशंटच्या चेहऱ्यावर असायची. ‘डोळ्याला दिसते ती शीर फसवते, बोटाला लागते ती धरायची,’ असं त्या नव्या मुलींना सांगायच्या. दुसरी सवय खिशातल्या निळ्या मार्कर पेनची. किडनी कमजोर झालेला पेशंट वॉर्डात आला, की त्याच्या डाव्या हातावर त्या लिहायच्या : ‘या हाताला सुई नको.’ माणूस डावखुरा असेल तर उजव्या हातावर. बीपीचा पट्टासुद्धा त्या हाताला बांधू द्यायच्या नाहीत. रात्रपाळीला कुणी घाईत त्या हातात सुई घातलीच, तर सकाळी त्याला बाईंसमोर उभं राहावं लागायचं.

पुढे एका वैद्यमित्राने मला सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला सातवा अध्याय दाखवला. तिथे शरीरातल्या ७०० शिरा मोजल्या आहेत आणि त्यांपैकी ९८ शिरांना ‘अवेध्य’ म्हटलं आहे, म्हणजे शस्त्राने ज्या टोचायच्या नाहीत अशा. हातापायांतल्या १६, धडातल्या ३२ आणि गळ्याच्या हाडावरच्या भागातल्या ५०. सुश्रुताची ‘शिरा’ आणि आजच्या शरीरशास्त्रातली ‘व्हेन’ तंतोतंत एकच आहेत, असं मी म्हणत नाही. मला मोल वाटतं ते त्यामागच्या शिस्तीचं. शीर टोचून रक्त काढणं हे ज्याचं काम, त्या वैद्याने कुठे टोचायचं नाही याचीही यादी पाठ करायची. बाईंनी ती संहिता वाचली नव्हती. त्यांच्या निळ्या पेनाने मात्र तीच यादी आमच्यासाठी नव्याने लिहिली. म्हणून आजच्या व्याख्यानाला मी नाव दिलं आहे, ‘अवेध्य शिरा’.

विषय आहे किडनी प्रत्यारोपणानंतर शिरांना होणारा जंतुसंसर्ग. सार्वजनिक सभेत हा विषय घ्यावा का, असं मला दोघातिघांनी विचारलं. घ्यावा असं माझं ठाम मत आहे. किडनी बसवली की सगळं घर लघवी मोजतं, क्रिएटिनिनचा आकडा विचारतं, पाणी किती प्यायलं ते वहीत लिहितं. शिरेबद्दल कुणी विचारत नाही. आणि या आजारात पहिली खूण ज्याच्या हाती लागते, तो बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. उशाशी बसलेलं घरचं माणूस असतं.

आधी शीर म्हणजे काय ते स्वतःच्याच हातावर पाहू. हात थोडा वेळ खाली सोडा. मनगटाच्या वर एखादी शीर फुगलेली दिसेल. ती एका बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त कोपराच्या दिशेने सारून द्या. मधला तुकडा सपाट होतो आणि खालचं बोट उचलेपर्यंत बहुधा तसाच राहतो. विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरांनी १६२८ साली रक्ताभिसरणावरच्या आपल्या ग्रंथात याच प्रकारचा प्रयोग चित्रांसह दाखवला. शिरेत जागोजागी झडपा असतात, म्हणून तिच्यातलं रक्त हृदयाकडेच जातं, माघारी येत नाही. हा एकेरी रस्ता आज आपल्याला फार महत्त्वाचा आहे. हातावरच्या शिरेत जे शिरलं ते दंडातून, छातीतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचतं आणि तिथून फुप्फुसात. औषध या वाटेने जातं. जंतूही याच वाटेने जातो.

किडनीच्या उपचारांचा इतिहास पाहिला तर त्यात पावलोपावली शीर भेटते. विलेम कॉल्फ यांनी १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्समधल्या कांपेन गावी कृत्रिम किडनीचं यंत्र चालवलं. यंत्र रक्त स्वच्छ करत होतं, अडचण होती रक्त बाहेर आणण्याची. प्रत्येक डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची. हातापायांतल्या जागा संपल्या की उपचारही संपायचा. १९६० साली सिअॅटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या वापरल्या. एक नळी धमनीत, एक शिरेत, दोन्हींची टोकं कातडीबाहेर जोडलेली. त्यामुळे पेशंट वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू शकला, हे फार मोठं पाऊल होतं. पण कातडीतून बाहेर आलेली ती नळी जंतूंनाही आयती वाट झाली. ती पिकायची, तुंबायची, पुन्हा पुन्हा बदलावी लागायची.

मग १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून जेम्स चिमिनो, मायकेल ब्रेशिया आणि केनेथ अॅपेल यांचा निबंध आला. बाहेरची नळीच नको, मनगटाजवळ पेशंटची स्वतःची शीर त्याच्याच धमनीला जोडून द्यायची. धमनीच्या जोराने शीर काही आठवड्यांत फुगते, जाड होते आणि तिच्यात डायलिसिसच्या सुया घालता येतात. हाच आपला ‘फिश्चुला’. बोट ठेवलं की हाताखाली मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. या चिमिनोंनी शिकत असताना न्यूयॉर्कच्याच एका मोठ्या रुग्णालयात पेशंटांचं रक्त काढण्याचं काम केलं होतं. शिरांची त्यांची ओळख अशी बोटांतून झालेली होती. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘मग बरोबर आहे.’ प्लास्टिक हटलं आणि संसर्ग घटला. फिश्चुलाचा हा धडा आजच्या सगळ्या बोलण्याला लागू आहे.

आता प्रत्यारोपणाकडे येऊ. रक्तवाहिनी रक्तवाहिनीला शिवण्याची रीत अलेक्सी कॅरेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली, त्यांना १९१२ साली नोबेल मिळालं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. बोस्टनचे ते भाऊ हुबेहूब जुळे होते, म्हणून शरीराने नवी किडनी परकी मानली नाही. बाकीच्यांसाठी शरीराची राखणदारी औषधांनी मंदावावी लागते. साठच्या दशकात अॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड आली, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन, नंतर टॅक्रोलिमस. ही औषधं नसती तर आपल्याकडच्या आयांनी, बायकांनी, बहिणींनी दिलेल्या किडन्या टिकल्या नसत्या. पण हीच औषधं जंतूंविरुद्धची राखणही ढिली करतात. सुरुवातीच्या वर्षांत किडनी चालू असताना माणूस जंतुसंसर्गाने गेला, असं वारंवार घडलं.

नवी किडनी पाठीत बसवत नाहीत. ती ओटीपोटात, जांघेच्या वर, एका बाजूला ठेवतात. तिची धमनी आणि शीर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना जोडतात. जिवंत दात्याची शक्यतो डावी किडनी घेतात, कारण डाव्या किडनीची शीर लांब असते आणि शिवायला सोपी जाते. आपल्या मूळ किडनीच्या शिरेला आडवाटा फुटलेल्या असतात. बसवलेल्या किडनीला तसं काही नसतं, रक्त बाहेर जायला तेवढी एकच वाट. ती गुठळीने बंद झाली तर किडनी काही तासांत सुजते, दुखते, लघवी लाल होते, मग थांबते. हे बहुतेक पहिल्या एकदोन आठवड्यांत होतं, सुदैवाने फार थोड्यांना होतं, आणि त्याचं कारण बहुधा जंतू नसतो. पण शस्त्रक्रियेच्या जागी आत पू झाला, तर शेजारच्या मोठ्या शिरेतली साधी गुठळीही जंतूंचं घर होऊ शकते.

घर हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गुठळीच्या अभ्यासाचा पाया घातला. रक्त साचणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं, अशी तीन कारणं आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. सलाईनची सुई आत राहिली की अस्तराला इजा झालीच. तिच्याभोवती रक्त मंदावतं आणि बारीक गुठळी धरते. कातडीवर एरवी निरुपद्रवी राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू सुईच्या कडेने आत उतरतात, प्लास्टिकवर बुळबुळीत थर करून बसतात आणि तिथून गुठळीत शिरतात. गुठळीत रक्त खेळत नाही, म्हणून पांढऱ्या पेशीही धड पोचत नाहीत आणि अँटिबायोटिकही. शिरेतच पू होतो. तिथून तुकडे सुटतात आणि त्या एकेरी रस्त्याने फुप्फुसात जाऊन रुततात. मग खोकला, छातीत कळ, आणि स्कॅनवर फुप्फुसाच्या कडेला विखुरलेले गोळे दिसतात.

अशा जागा कोणत्या? पहिली, हातावरची साधी सुई, जिला वॉर्डात कुणी ‘इंट्राकॅथ’ म्हणतं, कुणी ‘व्हेनफ्लॉन’. दुसरी, मानेतली किंवा जांघेतली मोठी नळी, डायलिसिससाठी किंवा ऑपरेशनसाठी घातलेली. जंतू रक्तात पोचवायला ती सगळ्यांत तयार वाट. तिसरी, किडनी बसवलेल्या बाजूची पायाची मोठी शीर. इथे घरच्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. दोन्ही पाय सुजले तर मीठ, पाणी, किडनी यांचा विचार करतात. एकच पाय सुजला, आणि तो किडनीच्या बाजूचा असला, तर शिरेचा विचार आधी करायचा. गुठळी असेल, किंवा किडनीशेजारी साचलेल्या द्रवाची गाठ शिरेवर दाब देत असेल. डॉपलर सोनोग्राफीने ते कळतं. ना दुखणं, ना किडनीला त्रास देणारा डाय.

चौथी जागा विस्मरणातली आहे. किडनी चालू लागली की फिश्चुलाकडे कुणी बघत नाही. काहींचा फिश्चुला बंद पडतो आणि ती शीर लाल, दुखरी होते. ज्यांची शीर बारीक म्हणून धमनी आणि शीर यांच्यामध्ये कृत्रिम नळी बसवली होती, त्यांच्या हातात ती बंद नळी वर्षानुवर्षं तशीच राहते. वरून कातडी ठीक दिसते. आत जंतू मुरलेले असू शकतात. ताप येतो जातो, रक्त वाढत नाही, कारण सापडत नाही. अशा वेळी छाती, पोट, लघवी सगळं तपासून होतं आणि हात राहून जातो.

आणखी दोन शत्रू असे, की ज्यांना सुईची वाट लागत नाही. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्या देशात बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरलेला असतो आणि झोपून असतो. राखण ढिली झाली की पहिल्या काही महिन्यांत तो जागा होतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो वाढतो आणि रक्ताची गोठण्याची ओढही वाढवतो. दुसरा शत्रू म्युकर. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने ही बुरशी फार जवळून पाहिली. स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांच्या जोडीने तिने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे या सभागृहातल्या काहींनी घरात भोगलं असेल. प्रत्यारोपणाच्या वॉर्डांना ती त्याआधीपासून माहीत होती. ही बुरशी रक्तवाहिनीची भिंत भेदून आत वाढते, वाहिनी तुंबवते, आणि पुढचा भाग रक्ताविना काळा पडतो. म्हणून बसवलेली किडनी आणि साखर दोन्ही सांभाळणाऱ्या माणसाचा गाल दुखला, नाकातून काळसर स्राव आला किंवा डोळा सुजला, तर सकाळची वाट पाहू नये.

आता मूळ अडचणीकडे येतो. जंतुसंसर्ग म्हटलं की आपण ताप बघतो. ताप ही शरीराची हाक आहे. लाली, ठणका, सूज या त्याच हाकेच्या खुणा. प्रत्यारोपणाच्या औषधांनी ती हाकच दबते. शिरेत पू असताना थर्मामीटर ९८.६ दाखवू शकतो. त्यात आणखी एक गोष्ट. आमच्या पुस्तकांत शिरेच्या दाहाची पहिली खूण म्हणून ‘लाल रेषा’ असते. ती गोऱ्या कातडीवर दिसते. आपल्याकडच्या सावळ्या, उन्हात रापलेल्या हातावर ती रेषा पुष्कळदा दिसतच नाही. दिसला तर थोडा काळसर पट्टा दिसतो. अशा हाताला हात लावावाच लागतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कसं शिकलो ते आज सांगितलंच पाहिजे, कारण चूक माझी होती.

सत्तावीस वर्षांचा एक मुलगा. घरी थोडी ऊसशेती. आईने किडनी दिली, ऑपरेशन छान झालं, क्रिएटिनिन १.२ वर स्थिरावलं, मुलगा घरी गेला. सहा आठवड्यांनी जुलाब लागले म्हणून रात्री अपघात विभागात आला. अंगातलं पाणी गेलेलं, शिरा बसलेल्या. घाईत डाव्या हातावर सुई घातली गेली आणि वरून पांढरी पट्टी गुंडाळली गेली. जुलाब दोन दिवसांत थांबले. मी रोज राउंडला जायचो, फाईल बघायचो. लघवी भरपूर, टॅक्रोलिमसची पातळी ठीक, ताप नाही. चौथ्या दिवशी नाडी ११२ होती. अशक्तपणा असेल, असं म्हणून मी पुढच्या बेडकडे वळलो.

त्याची आई उशाशी बसलेली. तिच्या स्वतःच्या कुशीतला टाका अजून ओढत होता. ती म्हणाली, ‘डॉक्टर, ह्येच्या हाताला दोरी लागतीया.’

मी विचारलं, ‘मावशी, ताप आला होता का रात्री?’

‘ताप न्हाई आला. पर ह्ये बघा की जरा. काल हितपर्यंत हुती, आज कोपरापातुर गेलीया.’

तिने पोराची बाही सारली आणि माझं बोट धरून त्याच्या हातावर ठेवलं. मनगटाच्या वरून कोपरापर्यंत, कातडीखाली, सुतळीसारखी टणक, सलग रेघ होती. पट्टी सोडली. सुईच्या तोंडाशी डाळीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका. रात्री अंगावर पांघरूण घेऊन ती त्याचा हात चोळत बसायची, तेव्हा तिला ती दोरी लागली होती. दोन दिवस तिने ती बोटाने मोजली होती. चार दिवस मी त्या पट्टीखाली पाहिलं नव्हतं.

सुई तिथल्या तिथे काढली. दोन ठिकाणचं रक्त कल्चरला पाठवलं. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला. डॉपलरमध्ये मनगट ते कोपर शीर गुठळीने भरलेली. अँटिबायोटिक सुरू करूनही नाडी उतरेना, तेव्हा सर्जनने शीर उघडली. आत पू होता. तो भाग काढून टाकावा लागला. औषधं बरेच आठवडे चालली. क्रिएटिनिन २.१ पर्यंत चढलं आणि हळूहळू १.४ वर आलं. मुलगा वाचला, किडनी वाचली. डाव्या हातातली ती शीर मात्र गेली, जी उद्या पुन्हा डायलिसिसची वेळ आली असती तर त्याच्या कामी आली असती.

बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. एकच प्रश्न विचारला, ‘पट्टी का बांधली होती?’ त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात सुईवरची पांढरी पट्टी बंद झाली. पारदर्शक चिकटपट्टी आली, आणि तिच्यावर निळ्या पेनाने सुई घातल्याची तारीख आणि वेळ.

उपचाराचं शास्त्र थोडक्यात सांगतो. सुई किंवा नळी काढणं हा पहिला उपचार. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चरचं रक्त घेणं हा दुसरा, कारण एकदा औषध गेलं की शत्रूचं नाव कळणं कठीण होतं. त्यानंतर चार ते सहा आठवडे औषध, आणि पू साचला असेल तर शस्त्रक्रिया. रक्त पातळ करायचं की नाही, हे माणसागणिक ठरवावं लागतं. ऑपरेशनची जखम ताजी असेल तर रक्तस्रावाची भीती असते, गुठळी मोठ्या शिरेत पसरत असेल तर थांबून चालत नाही. शिवाय प्रत्येक औषध किडनीला विचारून द्यावं लागतं. अमिकासिन, व्हँकोमायसिनसारखी औषधं किडनीला जड जाऊ शकतात. बुरशीवरची काही औषधं टॅक्रोलिमसची पातळी चढवतात, रिफाम्पिसिन ती खाली ओढतं. म्हणून हात जोडून सांगतो, गावातल्या दवाखान्यात गेलात तर आधी ‘किडनी बसवलेली आहे’ हे सांगा आणि गोळ्यांची यादी खिशातच ठेवा.

हे सगळं टाळता येतं का? पुष्कळ अंशी येतं, आणि त्याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने शंभरावर अतिदक्षता विभागांत एक प्रयोग झाला. २००६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. मोठ्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी करायच्या. हात धुवायचे. टोपी, मास्क, गाउन घालून पेशंटला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकायचं. क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसायची. शक्यतो जांघेतली जागा टाळायची. आणि गरज संपली की नळी काढायची. एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला. दीड वर्षात नळीमुळे रक्तात होणारे संसर्ग दोनतृतीयांशांनी घटले. त्या पाच गोष्टींत नवं औषध नव्हतं, महाग यंत्र नव्हतं. या प्रयोगातली सगळ्यांत अवघड गोष्ट मला वाटते ती नर्सने डॉक्टरला थांबवणं. आमच्या वॉर्डात ते घडायचं, कारण तिथे बाई होत्या. जिथे बाई नाहीत तिथे तो अधिकार नियमाने दिला पाहिजे.

आता आपलं काम. किडनीचा आजार नुकताच कळला असेल, तेव्हापासून ज्या हाताने लिहीत नाही तो हात राखून ठेवा. रक्त काढायचं तर दुसऱ्या हाताच्या पंज्यामागची शीर द्या. दंडातून आत सरकवायच्या लांब नळ्या किडनीच्या पेशंटला टाळाव्यात, त्या वाटेतल्या शिरा अरुंद करून ठेवतात. किडनी बसवल्यावरही हा नियम सुटत नाही, कारण बसवलेली किडनी कायमची असेल असं वचन कुणी देऊ शकत नाही. दवाखान्यात भरती झालात तर रोज विचारा, ‘ही सुई अजून हवी आहे का?’ गोळी तोंडाने जात असेल तर बाटली कशाला? आणि ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या’ हा आपल्याकडचा आग्रह किडनी बसवलेल्या माणसाने तरी सोडावा. त्या बाटलीने मिळतं ते थोडं मीठ, थोडी साखर आणि पाणी. त्यापायी आपण एक शीर खर्च करतो आणि एक दार उघडतो.

भेटायला जाणाऱ्यांनाही सांगतो. फळं, नारळपाणी घेऊन जाल, ते किडनीवाल्याला पुष्कळदा चालत नाही. त्यापेक्षा हात धुऊन दोन मिनिटं त्याचा हात हातात घ्या. सुईच्या वरच्या बाजूला अलगद बोट फिरवा. दोरी लागते का, गरम लागतं का, दुखतं का, ओलं आहे का, तारीख जुनी आहे का. शंका आली तर सिस्टरना बोलवा. त्या रागावल्या तरी चालेल.

तो मुलगा आजही तपासणीला येतो. आता त्याच्या कानाशी केस पांढरे झाले आहेत, आई थकली आहे. आमच्या ओपीडीत सगळे पेशंट आधी रिपोर्टची फाईल टेबलावर ठेवतात. तो फाईल आईकडे देतो, बाही वर सारतो आणि आधी दोन्ही हात माझ्यापुढे करतो. मी बोट फिरवतो. माझं झालं की त्याची आई एकदा स्वतः फिरवून बघते. मगच आम्ही क्रिएटिनिनचा आकडा वाचतो.